विश्लेषण : विंचू चावला, पण फारसे दुखत नाही... मग हातपाय गार का पडतात? शरीराची ‘सांभाळून घेण्याची’ मर्यादा कुठे संपते?

मे महिन्यात रचून ठेवलेले चिरे हलवताना, पावसाळ्यापूर्वी लाकडे आत भरताना, नाही तर दिवाळीच्या आसपास भाताचा पेंढा उचलताना बोटाला एकदम चटका बसतो. कोकणात हे कुणालाच नवे नाही. विंचू चावलेला माणूस ओरडतो, रात्रभर तळमळतो, सकाळपर्यंत कळ उतरते आणि पुढे वर्षभर तो किस्सा रंगवून सांगितला जातो. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते.

पण कधी कधी उलटे घडते. लहान मूल फार रडत नाही. एकदोन उलट्या होतात, कपडे भिजतील इतका घाम सुटतो आणि मग ते गप्प पडून राहते. घरच्यांना वाटते, सुटलो, कळ उतरली. तळपाय मात्र भर उन्हाळ्यात बर्फासारखे गार असतात. रत्नागिरी आणि रायगडमधल्या डॉक्टरांना धास्ती वाटते ती या गप्प मुलाची, ओरडणाऱ्याची तितकी नाही. असे का, हे समजून घ्यायचे तर आधी निरोगी शरीर संकटात काय करते ते पाहावे लागेल.

शरीर ‘सांभाळून घेते’ म्हणजे नेमके काय करते?

घरात टीव्ही किंवा फ्रिजला स्टॅबिलायझर असेल तर पावसाळ्यातल्या संध्याकाळी त्याचा ‘टक्... टक्’ आवाज ऐकला असेल. बाहेर व्होल्टेज घसरते, स्टॅबिलायझर आतल्या आत जोडणी बदलतो आणि टीव्हीवरचे चित्र हलतही नाही. फक्त चित्र पाहणाऱ्याला काही घडल्याचा पत्ता लागत नाही. व्होल्टेज अगदीच खाली गेले की स्टॅबिलायझरची मर्यादा संपते आणि सगळे एकदम बंद पडते. आधी कल्पना येते ती आवाजाकडे कान असलेल्यालाच.

शरीरात गळ्यातील मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत रक्ताचा दाब जाणणारी चेतातंतूंची टोके असतात. दाब घसरू लागला की ती मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाचे ठोके वाढवतो आणि त्वचा, आतडी, स्नायू यांच्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतो. उरलेले रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवले जाते. अपघातात निरोगी प्रौढ माणसाचे १५ ते २० टक्के रक्त गेले तरी झोपलेल्या स्थितीत मोजलेला त्याचा रक्तदाब जवळपास नेहमीसारखा येऊ शकतो. याचा अर्थ सगळे ठीक आहे असा नाही. शरीर किंमत मोजते आहे आणि ती किंमत दुसरीकडे दिसते. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, त्वचा फिकी होते, लघवी कमी होते.

मुलांमध्ये हे आणखी फसवे असते. त्यांच्या रक्तवाहिन्या जोरात आवळल्या जातात, हृदय भराभर धावते आणि रक्तदाबाचा आकडा शेवटपर्यंत तग धरतो. मग तो हळूहळू उतरत नाही, कोसळतो. डेंग्यूत ताप उतरल्यावर घरचे निर्धास्त होतात आणि नेमक्या त्याच सुमारास काही रुग्ण शॉकमध्ये जातात. तिथेही गार हातपाय आणि अस्वस्थपणा आधी दिसतो, रक्तदाब नंतर पडतो. म्हणजे टीव्हीचे चित्र शेवटी जाते, ‘टक् टक्’ आधी ऐकू येते.

तांबड्या विंचवाच्या दंशात मात्र एक वेगळाच प्रकार होतो. इथे विष सांभाळून घेणाऱ्या यंत्रणेचाच ताबा घेते.

हा तांबडा विंचू कोणता?

कोकणात दोन प्रकारचे विंचू लोकांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. एक मोठा, काळा, जाडजूड नांग्यांचा. तो पाहून घाबरायला होते, चावला तर दुखतेही भरपूर, पण तो सहसा जिवावर बेतत नाही. दुसरा आकाराने लहान, दोन ते साडेतीन इंचांचा, तांबूस किंवा नारिंगी-तपकिरी, पाय फिकट. त्याच्या पुढच्या नांग्या बारीक आणि शेपटी त्यामानाने जाड असते. बारीक नांग्या आणि जाड शेपटी असलेला विंचू सहसा अधिक विषारी, असा एक ढोबळ नियम प्राणिशास्त्रात सांगितला जातो. मोठ्या नांग्यांनी भक्ष्य चिरडता येत असेल तर विषावर फार विसंबावे लागत नाही, हा त्यामागचा तर्क.

या तांबड्या विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. जुन्या शोधनिबंधांत तोच मेसोब्युथस किंवा ब्युथस या नावाने भेटतो. त्याच्या एका उपप्रकाराच्या नावात तर कोकणच आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी दिलेले ते नाव म्हणजे ‘कॉन्कॅनेन्सिस’. जांभ्याच्या भेगा, दगडी गडगे, चिऱ्यांचे ढीग, गवताच्या गंजी, कौले, गोठ्यातला अडगळीचा कोपरा ही त्याची ठिकाणे. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पाऊस ओसरल्यावर भातकापणीच्या दिवसांत दंश वाढतात, कारण याच काळात माणसाचा हात त्याच्या घरात जातो.

जगभरात दरवर्षी १२ लाखांहून अधिक विंचूदंश होतात आणि सुमारे ३,२५० माणसे दगावतात, असा अंदाज २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडला होता. वैद्यकीय लेखनात ज्या थोड्या विंचवांची नावे ‘प्राणघातक’ म्हणून येतात, त्यात हा कोकणी रहिवासी नेहमी असतो.

विष शरीरात काय करते?

मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेसारखा आणि त्यासाठी तंतूच्या आवरणातली सोडियमची सूक्ष्म दारे क्षणभर उघडून लगेच मिटावी लागतात. विंचवाचे विष ही दारे वेळेवर मिटू देत नाही. त्यामुळे एकदा संदेश सुटला की तो थांबत नाही, तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो. दाबलेले बटण अडकून बसावे आणि बेल वाजत राहावी, तसे.

ज्या मज्जासंस्थेवर आपला ताबा नसतो, म्हणजे ठोके, घाम, पचन, रक्तवाहिन्या सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था, तिला याचा मोठा फटका बसतो. सुरुवातीला उलट्या, लाळ, दरदरून घाम, कधी मंदावलेली नाडी आणि पुरुष रुग्णांमध्ये जननेंद्रियाला आपोआप येणारी ताठरता दिसते. हे शेवटचे लक्षण संकोचामुळे घरचे डॉक्टरांना सांगत नाहीत. पण विष अंगात भिनल्याची ती फार मोलाची खूण आहे, त्यामुळे लाजायचे कारण नाही.

त्यानंतर ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचा पूर येतो. एरवी वाघ समोर आला तर काही मिनिटांपुरती जी रसायने शरीर सोडते, ती इथे तासन्तास सुटत राहतात. डॉक्टर याला ‘ऑटोनॉमिक स्टॉर्म’ म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचे वादळ म्हणतात. रक्तवाहिन्या करकचून आवळल्या जातात, हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. गळ्यातली दाब जाणणारी टोके ‘आता पुरे’ असा संदेश पाठवत असतात, पण बटणच अडकलेले असल्याने तो कुणी ऐकत नाही. इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टीम्स शिकलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. फीडबॅक तुटला आहे आणि मशीन पूर्ण जोरात चालले आहे.

आता सगळा भार हृदयावर येतो. विहिरीवरचा पंप सुरू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह कुणी तरी जवळजवळ बंद केला आहे, असे समजा. पंप काही वेळ जोर लावतो, तापतो आणि मग त्याची ताकद संपते. हृदयाचा डावा कप्पा आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलत राहतो. ठोके जलद झाल्यामुळे त्याला भरायला वेळ कमी मिळतो, प्राणवायूची गरज वाढते आणि त्याच रसायनांच्या माऱ्याने हृदयाच्या स्नायूलाही इजा होते. शेवटी त्याला रक्त पुढे ढकलता येत नाही. मग ते मागे, फुप्फुसांत तुंबते आणि रक्तातील पाणी झिरपून हवेच्या पोकळ्यांत साचते. खोकला येतो, आडवे झोपवत नाही, श्वास घुरघुरतो आणि तोंडातून गुलाबीसर फेस येतो. याला पल्मनरी इडिमा म्हणतात. सांभाळून घेण्याची मर्यादा संपली ती इथे. दंशानंतर काही रुग्णांत हे पहिल्या काही तासांतच घडते, काहींत बऱ्याच उशिरा.

एक बारकावा सांगण्यासारखा आहे. सुरुवातीला रक्तदाब खूप चढलेला असतो आणि हृदय थकल्यावर तो घसरतो. वरून खाली येताना तो वाटेत ‘१२०/८०’ या आकड्यावरूनही जातो. त्या क्षणी कुणी मोजला तर कागदावर ‘नॉर्मल’ लिहिले जाईल. म्हणून अशा रुग्णात एकट्या आकड्याला अर्थ नसतो. तो चढता आहे की उतरता, हात गरम आहेत की गार, हे सोबत पाहावे लागते.

(जाता जाता : याच विंचवाच्या विषातला ‘आयबेरिओटॉक्सिन’ हा पदार्थ जगभरातील प्रयोगशाळांत पेशींवरील पोटॅशियमच्या एका विशिष्ट प्रकारच्या दारांचा अभ्यास करायला वापरतात. कोकणातला गोठा आणि परदेशातली प्रयोगशाळा यांच्यातला हा एक विचित्र धागा.)

दुखणे कमी आणि धोका जास्त, असे का?

विंचूदंशाबद्दलचा आपला सगळा अनुभव वेदनेभोवती फिरतो. कळ किती वर चढली, खांद्यापर्यंत आली की काखेपर्यंत, यावरून आपण विष किती ते ठरवतो. डॉक्टरांचा अनुभव वेगळा आहे. केवळ असह्य वेदना असून बाकी काही लक्षण नसेल तर तो रुग्ण बहुधा सुखरूप असतो. त्याला वेदनाशामक लागते, बर्फाचा शेक लागतो, फार तर दंशाच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन लागते. ज्यांच्या सगळ्या अंगात विषाचा परिणाम सुरू झाला आहे, त्यांची तक्रार मात्र अनेकदा वेदनेची नसते. त्यांना उलटी होते, घाम येतो, जीव घाबरा होतो.

लहान मुलांत धोका जास्त असण्याचे कारण साधे गणित आहे. विंचू मोठ्या माणसाला आणि मुलाला मोजून वेगवेगळे विष देत नाही. तेवढेच विष १२ किलोच्या शरीरात गेले तर दर किलोमागचे प्रमाण ६० किलोच्या माणसाच्या पाचपट होते.

हे महाडमध्ये कसे उलगडले?

विंचवाच्या दंशाने फुप्फुसात पाणी होते, हे १९६१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. पी. एम. मुंडले यांनी नोंदवले होते. पण त्यावर करायचे काय, हे उमगायला आणखी दोन दशके गेली. ते काम झाले रत्नागिरीच्या सीमेला लागून, कशेडी घाटापलीकडे, महाड तालुक्यात.

मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. शिकताना विंचूदंश हा पुस्तकातल्या चार ओळींचा विषय होता आणि इथे मुले दगावत होती. त्या काळी ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीची औषधे, गुंगीच्या औषधांचे मिश्रण, हृदयाला जोर देणारे डिगॉक्सिन असे बरेच काही दिले जाई. बावस्करांनी जे केले ते ऐकायला साधे वाटते. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसले आणि केव्हा उलटी झाली, केव्हा घाम आला, केव्हा हात गार पडले, नाडी, रक्तदाब, श्वास असे सगळे क्रमाने लिहीत गेले. १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ने त्यांचा निबंध छापला. त्याचा विषयच होता, तांबड्या विंचवाच्या दंशात हृदयावर संकट येण्यापूर्वी दिसणारी पूर्वलक्षणे. ग्रामीण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरची निरीक्षणे, कोणतेही महागडे यंत्र हाताशी नसताना केलेली, जगातल्या नावाजलेल्या नियतकालिकात आली.

नोंदी एका क्रमात लावल्यावर उपचाराची दिशा आपोआप दिसू लागते. हृदय थकले आहे कारण पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे. मग पंपाला आणखी जोर द्यायचा की व्हॉल्व्ह उघडायचा? डिगॉक्सिन म्हणजे थकलेल्या बैलाला चाबूक. ॲट्रोपिनने उलट्या आणि घाम थांबून रुग्ण बरा दिसतो, पण ठोक्यांवर असलेला उरलासुरला लगामही सुटतो. बावस्करांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे वापरली. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड. ते प्रभावी, पण सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि सतत रक्तदाबावर डोळा ठेवावा लागतो. खेड्यात ते जमणे कठीण. नंतर प्राझोसिन. ही उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी साधी, स्वस्त गोळी. नॉरॲड्रेनलिन ज्या ठिकाणी बसून रक्तवाहिनी आवळते, तीच जागा ती अडवते. १९८६ मध्ये तिच्यावरचा निबंधही ‘लॅन्सेट’मध्ये आला.

डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी पुढे मांडलेल्या आकड्यांनुसार, प्राझोसिनपूर्वीच्या काळात, म्हणजे १९६१ ते १९८३ दरम्यान, गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते. गोळी वापरात आल्यानंतर ते एक टक्क्याच्या खाली आले. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र अनेकांनी वाचले असेल. मला मात्र या साऱ्यात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती गोळीच्या आधीची. औषध त्यांनी शोधले नाही, ते बाजारात होतेच. त्यांनी शोधला तो क्रम.

गोळी की लस?

लोक ज्याला विंचवाची लस म्हणतात ते खरे तर प्रतिविष आहे. घोड्याच्या शरीरात विषाची अल्प मात्रा देऊन तयार झालेली प्रतिद्रव्ये. मुंबईच्या हाफकिन संस्थेने तांबड्या विंचवासाठी ते बनवले. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातून डॉ. व्ही. एस. नातू आणि सहकाऱ्यांनी २००६ आणि २०१० मध्ये त्याच्या वापराचे अनुभव शोधनिबंधांतून मांडले. त्यांचा कौल प्रतिविषाच्या बाजूने होता.

महाडमध्ये बावस्कर दाम्पत्याने ७० रुग्णांवर चाचणी घेतली. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. २०११ मध्ये ‘बीएमजे’त निष्कर्ष आले. दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, फक्त गोळी मिळालेल्यांपैकी आठ. बरे व्हायला लागलेला सरासरी वेळ आठ तास विरुद्ध १७.७ तास.

मग गोळी निकामी ठरली का? नाही. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. जे विष मज्जातंतूंवर आधीच बसले, जी रसायने आधीच सुटली, त्यांचे ते फारसे काही करू शकत नाही. तिथे व्हॉल्व्ह उघडणारी गोळीच लागते. शिवाय प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासूनचे, त्यामुळे ॲलर्जीची तयारी ठेवून रुग्णालयातच द्यावे लागते, आणि ते प्रत्येक ठिकाणी हाताशी असेलच असे नाही. थोडक्यात भांडण गोळी आणि लस यांचे नाही. दोन्हींचा शत्रू एकच आहे, उशीर. फुप्फुसात पाणी होऊन रक्तदाब कोसळल्यानंतर दोन्हींची ताकद तोकडी पडते. मग अतिदक्षता विभाग, डोब्युटामाइनसारखी औषधे, व्हेंटिलेटर. ही सोय वाडीवस्तीपासून बऱ्याचदा दोन घाट दूर असते.

उशीर होतो कुठे?

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके आहेत. गावे वाड्यांत विखुरलेली, वाड्या डोंगरउतारांवर. मंडणगडच्या रहिवाशाला स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा रायगडमधले महाड कितीतरी जवळ पडते. रात्रीची वेळ, घरात वयस्कर माणसे आणि मुले, कर्ती माणसे मुंबईला. हा भूगोल बदलत नाही.

पण अंतराइतकाच वेळ ‘थोडे थांबून पाहू’ यात जातो. विंचू उतरवणारे आजही आहेत आणि त्यांच्यावरचा विश्वास अगदीच निराधार नाही, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. बहुतेक दंश मुळात जिवावर बेतणारे नसतात. कळ काही तासांनी आपोआप उतरते. त्या काळात मंत्र म्हटला गेला असेल तर श्रेय मंत्राला मिळते. दहातले नऊ रुग्ण असे बरे झाले की दहाव्यालाही तिथेच नेले जाते. त्या दहाव्याला वेदना कमी असते आणि तो गप्प असतो, म्हणजे मंत्राने गुण आला असेच सगळ्यांना वाटते. शरीर आतल्या आत सांभाळून घेत असते आणि त्याचे श्रेय भलतीकडे जात असते.

गुगलवर शोधून प्राझोसिन घरीच देण्याचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. मात्रा वजनानुसार ठरते, पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, आणि नुसत्या वेदनेसाठी ती गोळी नसतेच.

घरी काय पाहायचे?

दंश झाल्यावर आधी वेळ पाहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, हातपाय दोरीने आवळून बांधू नका. बर्फ कापडात गुंडाळून लावला तर कळ कमी होते. विंचू मारलाच असेल तर त्याचा फोटो काढा. तो शोधत वेळ घालवू नका.

मग हात लावून पाहा. हाताची बोटे आणि तळपाय पोटाच्या तुलनेत गार आहेत का? अंगठ्याचे नख दाबून सोडा. पांढरे पडलेले नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. उलटी झाली का, घाम नेहमीपेक्षा जास्त आहे का, लाळ गळते का, मूल उगाच चिडचिडे किंवा उगाच शांत झाले आहे का? यातले एकही लक्षण असेल तर कळ किती आहे याचा विचार न करता निघायचे. मोठ्या माणसालाही हेच लागू, आणि आधीपासून हृदयविकार असेल तर जास्तच. धाप लागण्याची वाट पाहायची नाही, कारण धाप म्हणजे फुप्फुसात पाणी सुरू झालेले असते.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. ती पोहोचायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे आणि निघतानाच फोन करून विंचूदंशाचा रुग्ण येतो आहे हे कळवावे. मोठ्या शहरातले मोठे हॉस्पिटल गाठण्यासाठी वाटेतले केंद्र टाळू नये. पहिला उपचार तिथे मिळून पुढचा प्रवास झाला तर तो प्रवास वेगळा ठरतो. धाप लागलेल्या रुग्णाला आडवे झोपवायचा आग्रह धरू नये. त्याला पाठीला आधार देऊन बसवावे.

लहान मुलात अंगभर लक्षणे दिसली असतील तर तो बरा दिसू लागला तरी डॉक्टर किमान २४ तास ठेवून घेतात. ‘आता चांगला खेळतोय, सोडा घरी’ असा आग्रह करू नये. बोटे गरम झाली का, नाडी स्थिरावली का, हे तिथे तासातासाने पाहिले जाते आणि तेच उपचाराचे खरे मीटर आहे.

आणि एक उपयोगी गोष्ट. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळसर चमकतो. नोटा तपासायला मिळतात तशा छोट्या यूव्ही टॉर्च ऑनलाइन सहज मिळतात. अंधार पडल्यावर गोठा, न्हाणीघर, चिऱ्यांचा ढीग आणि मुलांच्या अंथरुणाखालची जागा तिने एकदा फिरवून पाहता येते. चप्पल-बूट झटकूनच घालावेत, अंथरूण भिंतीला लागून टाकू नये आणि पेंढा किंवा लाकडे उचलताना हातात जाड मोजे असावेत. पायात गमबूट असले की भातकापणीतले पायावरचे दंश टळतात, पण पेंढी बांधताना धोका बोटांना असतो. मोजे गरम होतात म्हणून अनेक जण ते काढून ठेवतात.